रील्स पाहून ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं का वाटायला लागतं?

कारण तिथे दुसऱ्याचं जमलेलं दिसतं, जमवताना झालेली फजिती दिसत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि मन-शरीराची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात भक्कम पहिली, आणि स्क्रोल करताना नेमकी तीच राहून जाते.

माझी भाची जळगावची. खापरावरच्या मांड्यांचे, म्हणजे हातावर पसरून उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्यांचे, व्हिडिओ बघून बघून तिने ठरवूनच टाकलं होतं, आपल्या हातून होणे नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीने तिला चुलीपाशी बसवलं. पहिले दोन मांडे हातावरच फाटले, पुरण सांडलं. तिसरा वाकडातिकडा, पण खापरावर पडला. “पडला ना? घे पुढचा गोळा,” एवढंच आजी म्हणाली. त्या दिवशी पोरीने सात केले.

मोबाइल वाईटच असं मी म्हणणार नाही. आपल्याच गावाकडचं कुणी चुकत-माकत शिकताना दाखवत असेल, तर त्याने खरंच हुरूप येतो. मात्र दोन व्हिडिओ झाले की फोन ठेवा आणि तेच काम लगेच करून बघा, बिघडलं तरी चालेल.