डिस्ट्रिब्युटेड ऑब्झर्व्हर शिकतोयस? आधी तीन टाक्या मांड

भाऊ, जळगावात राहून प्रोजेक्टला हा विषय घेतलास, फार आनंद झाला. डिस्ट्रिब्युटेड ऑब्झर्व्हर म्हणजे अनेक नोड (मोजणारे आणि हिशोब करणारे छोटे संगणक) आपापल्या मापांवरून आणि एकमेकांशी बोलून अख्ख्या सिस्टिमच्या स्थितीचा अंदाज बांधतात. पण ड्रोनच्या ताफ्यापासून सुरुवात नको करू. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात ठिबकसाठी एकाखाली एक तीन टाक्या आहेत असं धर. प्रत्येक टाकीवरचा नोड फक्त आपलीच पातळी मोजतो, आणि अंदाज मात्र प्रत्येकाला तिन्हींचा हवा.

टाकीतून बाहेर पडणारा प्रवाह पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. नॉनलिनिअर (सरळ रेषेत न बदलणारा) भाग तो हाच. आता कागदावर तपास. वरच्या नोडला आपल्या मापातून खालचं काहीच कळत नाही. तळच्या नोडला तत्त्वतः सगळं कळतं, पण सर्वात वरची पातळी काढायला दोनदा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) घ्यावा लागतो आणि तिथे नॉइज, म्हणजे मापातली बारीक थरथर, सगळा विचका करतो. शेजाऱ्यांचे अंदाज लागतात ते यासाठी.

ल्युएनबर्गरचा 1964 चा ऑब्झर्व्हर (मॉडेल चालवत राहून, माप आणि अंदाज यांतल्या फरकाने अंदाज दुरुस्त करणारा) आधी पक्का कर, मग त्यात शेजाऱ्याच्या आणि आपल्या अंदाजातल्या फरकाची टर्म जोड. सगळ्यांची मापं मिळून सिस्टिम ऑब्झर्व्हेबल हवी, म्हणजे त्या मापांवरून पूर्ण स्थिती काढता यायला हवी; आणि नोडमधल्या लिंकचा ग्राफ स्ट्राँगली कनेक्टेड हवा, म्हणजे कुठल्याही नोडची माहिती प्रत्येक नोडपर्यंत पोचायला हवी.

गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, बेताने वाढव, नाहीतर सुरुवातीलाच अंदाज भलतीकडे उसळतो. टाकी रिकामी होत आली की वर्गमुळाचा उतार अनंताकडे जातो आणि लिपशिट्झ अट (उतार एका मर्यादेतच राहायला हवा) मोडते. म्हणून अंदाजाला खालून मर्यादा घालच.

मग वरच्या नोडकडे येणारी लिंक तोडून बघ. मॉडेल अचूक असेल तर खालच्या टाक्यांचा त्याचा अंदाज टाकीच्या संथ गतीने जुळेल; खालच्या टाकीला गळती दिलीस, तर चुकीच्याच पातळीवर जाऊन बसेल.