फ्रिजसाठी गाडीत दुसरी बॅटरी टाकली आहे. एकाच अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) दोन्ही सुरक्षित चार्ज कशा करायच्या?

दोन्ही बॅटऱ्या वायरने सरळ जोडू नका. मधे व्होल्टेज पाहून चालणारा रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारा) टाका. नागपुरात वायरिंगचंच काम करतो, त्यामुळे हे रोजचं आहे. सरळ जोडणीत इंजिन बंद असताना फ्रिज दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकतो आणि सकाळी सेल्फ नुसता टक-टक करतो. रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतो, 12.8 च्या आसपास तोडतो. जुन्या गाडीला तेवढं पुरे. बऱ्याच बीएस-6 गाड्यांत मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, अल्टरनेटरचं व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे रिले नीट चालत नाही. तिथे, आणि लिथियम बॅटरी असेल तर कुठेही, चार्जरच घ्या.

फ्यूज दोन हवेत, पॉझिटिव्ह वायरच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. बरेच वायरमन एकच टाकून मोकळे होतात. पण वायर घासून बॉडीला टेकली की करंट दोन्ही बॅटऱ्यांकडून धावतो, आणि फ्यूज नसलेल्या बाजूची वायर पेटते.

एक मात्र बघा: मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे दुसरी बॅटरी इंजिनजवळ नको. केबिनमध्ये ठेवायची तर सीलबंद एजीएम (ॲसिड काचेच्या चटईत शोषलेली बॅटरी) घ्या. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.