वाचक विचारतात: मालदीवची श्रीमंती नक्की कुणाची?

प्रश्न: नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही दोघं आणि मुलगी मालदीवला जाऊन आलो. पाण्यावरची लाकडी खोली, कुठं कागदाचा कपटा नाही, लाइट जाणं तर माहीतच नाही. परत आल्यावर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मिस्टर म्हणाले, बघ, एवढंसं बेट आणि माणशी उत्पन्न आपल्या पाचपट. मी नेटवर बघितलं तर खरंच तसं दिसतंय. मग तिथली माणसं आपल्यापेक्षा पाचपट बरी राहतात का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, मिस्टरांचा आकडा बरोबर आहे. भारताचं माणशी जीडीपी अडीच हजार डॉलरच्या आसपास आणि मालदीवचं बारा हजारांच्या वर, म्हणजे पाचपट झालंच. पण तुम्ही जे बघून आलात तो मालदीव देश नव्हे, ते रिसॉर्ट होतं, आणि त्या बेटावर मालदीवचं एकही कुटुंब राहत नाही.

तिथली सिस्टीमच तशी आहे. १९७२ मध्ये कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढं एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट हा शिरस्ता पडला. एकूण बेटं अकराशे नव्वदच्या आसपास, त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती, बाकीच्या रिकाम्या बेटांतली काही भाडेपट्ट्यानं रिसॉर्टवाल्यांना दिलेली. दारू रिसॉर्टवर चालते, गावाच्या बेटावर नाही. रिसॉर्टचा जनरेटर स्वतःचा, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट स्वतःचा, मग लाइट जाईल कशाला? शाळा नाही, दवाखान्याची रांग नाही, म्हातारी माणसं नाहीत, निवडणुकीचे फ्लेक्स नाहीत. अशी जागा चकाचक ठेवणं फार अवघड नसतं हो, आपल्याकडची मोठी आयटी पार्कं पण गेटच्या आत चकाचकच असतात.

आता खरे मालदीवचे लोक कुठं राहतात ते बघू. २०२२ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार निघाली, म्हणजे आपल्या पुणे शहराचा एक कोपरा, आणि त्यातले सव्वा लाखाच्या वर लोक परदेशी कामगार, सगळ्यात जास्त बांगलादेशचे, मग आपले आणि श्रीलंकेचे. देशातले चाळीस टक्के लोक राजधानी माले आणि तिच्या आजूबाजूच्या दोन-तीन बेटांवर कोंबलेले. माले म्हणजे जेमतेम दोन चौरस किलोमीटर जागा, त्यात उंच बिल्डिंगा, अरुंद गल्ल्या आणि स्कूटरींची ही गर्दी, आपल्या तुळशीबागेत दिवाळीच्या आधी जसं होतं तसं तिथं बाराही महिने.

भाड्याचं ऐका. एक रुफिया म्हणजे आपले साधारण साडेपाच रुपये धरा. मालेत दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं पंधरा हजार रुफियाच्या पुढं सहज जातं, म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर, आणि २०२२ मध्ये तिथं पहिल्यांदा किमान वेतन ठरलं ते मोठ्या कंपन्यांसाठी महिना ८ हजार रुफिया. करा हिशोब! नवरा-बायको दोघांनी किमान वेतनावर काम केलं तर दोघांचा पगार मिळून भाडं सुटतं, जेवायला हजार रुफिया उरतात. म्हणून तिथं एका फ्लॅटमध्ये तीन पिढ्या आणि एखाद-दुसरा भाडेकरू असं राहणं अगदी कॉमन आहे. ४४ हजार रुपये किमान पगार असं ऐकलं की आपल्याला वाटतं मजा आहे, पण वाघोलीत तेवढ्या पगाराच्या माणसाला निदान स्वतःचा दरवाजा लावून घेता येतो.

ह्याच कारणासाठी अर्थशास्त्रवाले नुसत्या डॉलरवर न जाता किमती जुळवून बघतात, म्हणजे त्या पैशात तिथं काय मिळतं आणि इथं काय मिळतं. तसं बघितलं की पाचपटीचं दोन-अडीचपट होतं. अजून एक गंमत म्हणजे जीडीपी मोजतात ते त्या जागेवर तयार झालेलं उत्पन्न, तिथल्या माणसाच्या खिशात पडलेलं नव्हे. तुम्ही रात्रीचे पंचवीस-तीस हजार भरलेत ते सगळे मालदीवच्या खात्यावर मांडले जातात, पण रिसॉर्टचा मालक सिंगापूर नाहीतर दुबईचा असेल तर नफा तिकडं, वेटरचा पगार घरी कोचीला किंवा ढाक्याला, आणि तुमच्या ताटातली सिमला मिरची, अंडी, पीठ, जवळपास सगळं बाहेरून आणलेलं, म्हणजे ते पैसे पण बाहेर. तिथं स्वतःचं म्हणावं असं ताटात काय तर ट्यूना मासा आणि नारळ.

आता इथपर्यंत वाचून मिस्टरांना चिडवायला जाऊ नका, कारण पुढचं त्यांच्या बाजूचं आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. मालदीवमध्ये जन्मलेलं मूल सरासरी ८१ वर्षं जगेल असा अंदाज आहे, आपल्याकडं तो ७२ च्या आसपास आहे. नऊ वर्षांचा फरक ही काही हॉटेलवाल्यांनी रंगवलेली गोष्ट नाही. मानवी विकास निर्देशांकात, म्हणजे आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेल्या आकड्यात (एकच्या जितका जवळ तितका चांगला), ते ०.७६ च्या घरात, आपण ०.६८ ला. २०१२ पासून तिथं प्रत्येक नागरिकाला ‘आसंधा’ नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे, त्यासाठी कुणाला पिवळं-केशरी रेशनकार्ड दाखवायला लागत नाही. सरकारकडं पैसा येतो तो तुमच्यासारख्या पाहुण्यांकडून, २०२५ पासून बहुतेक रिसॉर्टवर माणशी दिवसाला १२ डॉलर ग्रीन टॅक्स आहे, शिवाय टुरिझमचा जीएसटी १७ टक्के, आणि २०२४ मध्ये वीस लाखांवर पाहुणे आले. त्यांचे स्वतःचे नागरिक चार लाखसुद्धा नाहीत, म्हणजे एका नागरिकामागं वर्षाला पाच पाहुणे टॅक्स भरून जातात! आपल्या दीडशे कोटींमागं असे पाहुणे आणायचे कुठून? म्हणून मालदीवसारखं करा असं कुणी म्हणालं की मला हसूच येतं.

अर्थात मोठं आजारपण आलं की तिथला माणूस बऱ्याचदा विमानानं तिरुवनंतपुरम नाहीतर कोचीला येतो, विम्यात ते पण बसतं. म्हणजे त्यांच्या राहणीमानाचा एक पाय आपल्या हॉस्पिटलात आहे.

पाण्याचा विषय तुमच्या पत्रात नाही पण पुणेकराला पाण्याशिवाय तुलना करताच येत नाही. मालेत नदी नाही, धरण नाही, नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं केलेलं, महाग पण रोजच्या रोज येतं. आपल्याकडं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसी, आणि तरी नव्या सोसायट्यांना टँकर, आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएस ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट सापडले तेव्हा संशय पाण्यावरच गेला. त्यामुळं रोजच्या नळाबद्दल बोलायचं तर मार्क त्यांना जास्त. फक्त ४ डिसेंबर २०१४ ला मालेच्या पाण्याच्या प्लांटमध्ये आग लागली आणि लाखभर लोकांना प्यायला थेंब नव्हता, तेव्हा आपल्या हवाई दलानं आणि नौदलानं पाणी पोचवलं. दुसरा सोर्सच नाही ना!

आणि हेच त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. एकच धंदा, तो बसला की देश बसतो. २००४ च्या त्सुनामीत देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नुकसान झालं, २०२० मध्ये कोविडनं विमानं थांबली तर जीडीपी एका वर्षात तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाला, आपला त्या मानानं पाच-सहा टक्के पडला तरी आपण किती हाल बघितले आठवून बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डॉलरची इतकी चणचण झाली की आपल्या रिझर्व्ह बँकेनं ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांची सोय करून दिली.

तर पाचपट नक्कीच नाही. सरासरी भारतीय माणसाशी लावलं तर मालदीवचा माणूस जास्त जगतो, आजारपणात कमी लुटला जातो. पण कोथरूडच्या दोन पगारांच्या घराशी लावलं तर त्याच नोकरीतलं मालेतलं जोडपं तुमच्यापेक्षा दाटीत राहतं आणि कांद्यालासुद्धा जास्त मोजतं. मात्र कोथरूड म्हणजे भारत नव्हे हे पण लक्षात असू द्या, आपल्याकडं ८१ कोटी लोकांना फुकट रेशन द्यायला लागतंय, सरासरी त्यांच्यामुळं खाली येते, तुमच्या-माझ्यामुळं नाही. पुढच्या वेळी गेलात तर दोन दिवस गावाच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये राहा, २००९ नंतर त्याला परवानगी मिळालीय, स्वस्त पण पडतं आणि शाळा सुटल्यावरची पोरं दिसतात.

प्रश्न: मुलानं हॉटेल मॅनेजमेंट केलंय. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये ६०० डॉलर पगार, राहणं-जेवण फुकट अशी ऑफर आहे. एजंट ८० हजार मागतोय. पाठवू का? (एक वडील, चिंचवड)

उत्तर: काका, नोकरी वाईट नाही, एजंट वाईट दिसतोय. परदेशी नोकरीसाठी सरकारकडं नोंदणी असलेल्या एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, तेव्हा आधी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघा, नसेल तर विषय संपला.

पगाराचं म्हणाल तर राहणं-जेवण फुकट असल्यामुळं ६०० डॉलर म्हणजे पन्नास हजारांच्या वर जवळपास सगळे शिल्लक पडू शकतात, पुण्यात रूम शेअर करून तीस हजारांत काम करणाऱ्या पोराच्या हातात तेवढे कधीच उरत नाहीत. तिथल्या कायद्यानं हॉटेलांना निदान १० टक्के सर्व्हिस चार्ज लावून तो स्टाफमध्ये वाटायला लागतो, तेव्हा मागच्या वर्षी सीझनला किती आणि पावसाळ्यात किती वाटला हे स्पष्ट विचारा. पगार हातात डॉलरमध्ये मिळणार का रुफियात हे लेखी घ्या, कारण तिथं डॉलरची टंचाई असते आणि सरकारी भाव डॉलरला १५.४२ रुफिया असला तरी बाहेर डॉलर महाग मिळतो. पासपोर्ट मुलाच्याच ताब्यात राहिला पाहिजे. आणि त्याला एकदा सांगा की ड्युटी संपल्यावर जायला एफसी रोड नाही, तेच बेट, तीच माणसं, स्टाफ क्वार्टरची बंक बेडवाली खोली. काही पोरांना ते झेपतं, काही चार महिन्यांत परत येतात.

प्रश्न: मॉरिशसमध्ये पुष्कळ मराठी माणसे आहेत असे वाचले. ती आपल्यापेक्षा सुखी आहेत काय? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पोस्टकार्डाने)

उत्तर: आजोबा, सुखाचं मला मोजता येत नाही, पेन्शनचं येतं. १८३४ पासून मजूर म्हणून तिकडं नेलेल्यांत कोकणातली माणसं पण होती, त्यांचे वंशज आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी घेतात. ऊस, मग कपड्यांचे कारखाने, मग हॉटेलं आणि बँकिंग असा एकेक धंदा वाढवत तो देश वर आला, मालदीवसारखं एकाच खुंटीवर सगळं टांगलं नाही. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट, २००५ पासून विद्यार्थी आणि म्हाताऱ्यांना बस फुकट. २०२० च्या जुलैमध्ये जागतिक बँकेनं त्यांना श्रीमंत देशांत बसवलं आणि कोविडमुळं पुढच्याच वर्षी परत खाली उतरवलं.

पेन्शन उत्पन्नाचा दाखला न मागता प्रत्येक ज्येष्ठाला, महिना १५ हजार मॉरिशस रुपयांच्या आसपास, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या वर. वय साठ होतं, ते आता हळूहळू पासष्टवर न्यायचं २०२५ च्या बजेटमध्ये ठरलं आणि लोक चिडले. आपल्याकडं श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये, तेही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असलं तरच. पुण्यात २१ हजारांत वर्ष कोण काढतं ते मला एकदा भेटायचंय.

प्रश्न: डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी केली, आमचा कांदा मातीमोल झाला. मग मालदीवला कसा गेला? (एक शेतकरी, मंचर)

उत्तर: दादा, १९८१ च्या करारानुसार त्यांना ठराविक कोटा मिळतो, बंदी असली तरी. तो कोटा एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला, तुमची बंदी उठली मेमध्ये, आणि तीही ४० टक्के ड्युटी लावून. कोटा होता ३५,७४९ टन, माणशी भागलात तर वर्षाला एकोणसत्तर किलो येतो. अंडी ४२ कोटी ७५ लाख, म्हणजे माणशी आठशेच्या वर. एवढं कुणी खात नाही, निम्मं आपलेच लोक तिथं सुट्टीला जाऊन ऑम्लेटमध्ये खाऊन येत असणार, आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये देऊन.