बॅरोनेटला (ब्रिटिश राजाकडून वंशपरंपरागत ‘सर’ किताब मिळालेल्या माणसाला) फक्त मुलीच असतील तर ‘सर’ हा वंशपरंपरागत किताब कोणाला जातो?

मुलीला सहसा नाहीच. किताब राजाच्या सनदेत लिहिलंय तसा चालतो, आणि तिथे बहुतेक वेळा ‘पहिल्या बॅरोनेटचे औरस पुरुष वंशज’ असंच असतं. म्हणून आधी थोरला मुलगा; तो आधीच वारला असेल तर त्याचा मुलगा, त्याचा धाकटा भाऊ नंतर. मुलगाच नसेल तर बॅरोनेटचा भाऊ, पुतण्या, मग चुलत घराणं, पण तेही पहिल्या बॅरोनेटच्याच वंशातले हवेत. दत्तक मुलगा बाद. लग्नाआधी जन्मलेलाही सहसा बाद, आईबापांनी नंतर लग्न केलं तरी. वाडा-जमीन मृत्युपत्राने मुलीला देता येते, किताब देता येत नाही. त्यामुळे चुलतभावाच्या हाती कधीकधी नुसतं ‘सर’ उरतं.

गाडी अडते ती पुराव्यावर. अधिकृत नोंदवहीत नाव लागायला जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले जोडून साखळी सिद्ध करावी लागते. स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्याच्या वादात तर 2016 साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटनमधल्या एका वरिष्ठ न्यायपीठाने) डीएनए पुरावा मानला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला.

आपल्या मुंबईतली गंमत: जमशेटजी जीजीभाईंची बॅरोनेटसी, म्हणजे बॅरोनेटचा किताब, 1857 चा. त्याचा प्रत्येक वारस स्वतःचं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच लावतो, तेही कायद्याने.