ओळखीच्या शब्दांचा दगा

चि. स,
अनेक आशीर्वाद.

जुनी इंग्रजी पुस्तकं वाचताना अडलेल्या शब्दांची तू पाठवलेली यादी पाहिली. तिच्यात सगळे अनोळखी शब्द आहेत. त्यांची काळजी नाही. असा शब्द आला की हात आपोआप कोशाकडे जातो. फसवतात ते ओळखीचे शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही.

१८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत मिस्टर बेनेट म्हणतात, जावई विकहॅम आम्हा सगळ्यांशी 'मेक लव्ह' करतो. आजचा, शरीरसंबंधाचा अर्थ लावलास तर अनर्थ! तेव्हा त्याचा अर्थ गोडगोड बोलून मन जिंकू पाहणं, एवढाच. शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' मधल्या 'व्हेअरफोर'चंही तेच: तो 'कुठे' नव्हे, 'का'. ताळा हवा तर पुढची ओळ वाच. ती लगेच रोमिओला नाव टाकायला सांगते. म्हणजे प्रश्न ठिकाणाचा नाहीच, तू रोमिओच का, असा आहे.

मराठी प्रतिशब्दाची घाई करू नकोस. आधी चित्र डोळ्यांपुढे आण. 'वन फेल स्वूप' आज 'एका झटक्यात' अशा अर्थी सर्रास वापरतात. 'मॅकबेथ'च्या चौथ्या अंकात मात्र बायको-मुलं मारली गेल्याचं कळल्यावर मॅकडफ ते म्हणतो. इथलं 'फेल' पडण्याचं भूतकाळी रूप नव्हे, क्रूर अशा अर्थाचं जुनं विशेषण आहे. 'स्वूप' म्हणजे झडप. आसपासच्या शब्दांत नरकातली घार आहे, पिल्लं आहेत, त्यांची आई आहे. तिथे 'एका दमात' लिहिलंस की घार उडाली आणि बापाचा आकांतही गेला. 'एकाच क्रूर झडपेत' लिही, पुरे.

वहीत तीन रकाने आख: बोलणारा, चित्र, अर्थ. पहिला रकाना मुलं गाळतात, आणि तिथेच चुकतात. इंग्रजीत काळीज बाहीवर मिरवणं ही आज मोकळ्या स्वभावाची खूण. पण 'ऑथेल्लो'त ते बोलतो कारस्थानी इयागो, आणि तसं केलं तर कावळे टोचतील अशा तुच्छतेने.

अर्थासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश बघ, १८८४ ते १९२८ हप्त्याहप्त्याने निघालेला. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. तुझ्या पुस्तकाच्या सालाजवळचे उतारे ज्या अर्थाखाली सापडतील, तो आधी लावून बघ.

कधी लेखकच मजा करत असतो. पार मेलेल्याला इंग्रजीत 'दाराच्या खिळ्यासारखा मेलेला' म्हणतात. 'अ ख्रिसमस कॅरल'च्या (१८४३) आरंभी डिकन्सचा निवेदक म्हणतो, दाराच्या खिळ्यात एवढं मेलेलं काय असतं, देव जाणे. शवपेटीचा खिळा जास्त मेलेला वाटतो. तिथे हसून पुढे जा.

'हॅम्लेट'मधला 'पेटार्ड', म्हणजे दार उडवायचा छोटा बॉम्ब, तू यादीत घेतलास, शेजारचा 'हॉइस्ट' सोडलास. त्याचे तीन रकाने भरून पाठव.