स्पोर्ट्स फिजिओथेरपी ही खरंच वेगळी शाखा आहे, की नेहमीच्या फिजिओथेरपीलाच दिलेलं झगमगीत नाव? ती सुरू कधी झाली?

मी याच कामात आहे, तेव्हा उत्तरात थोडा पक्षपात असणार हे धरून चाला. शाखा खरोखर वेगळी आहे. पण पाटीवर 'स्पोर्ट्स' लिहिणारा प्रत्येक जण त्या शाखेत तयार झालेला असतोच असं नाही, त्यामुळे तुमची शंका अगदीच गैर नाही.

फिजिओथेरपी व्यवसाय म्हणून नावारूपाला आली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे आणि पोलिओच्या साथींमुळे. खेळाडूचा त्यात फारसा विचार नव्हता. मैदानावर असायचा तो मालीश करणारा, पट्ट्या बांधणारा ट्रेनर. अमेरिकेत या ट्रेनर मंडळींची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये झाली, तेव्हा फिजिओ बहुतेक दवाखान्यातच होते. पुढे दोघांमध्ये 'खेळाडू कोणाचा' यावरून बरीच ओढाताण झाली, आणि ती पूर्णपणे मिटलीय असं मी तरी म्हणणार नाही.

चित्र पालटलं ते सत्तरच्या दशकात. ब्रिटनमध्ये 1972 मध्ये खेळाशी संबंधित फिजिओंची संघटना झाली, तर अमेरिकेत 1973 मध्ये राष्ट्रीय फिजिकल थेरपी संघटनेत स्पोर्ट्सचा स्वतंत्र विभाग निघाला. 1979 मध्ये ऑर्थोपेडिक आणि स्पोर्ट्स या दोन विभागांनी मिळून संशोधनपत्रिका सुरू केली. 1987 पासून अमेरिकेत परीक्षा देऊन 'स्पोर्ट्स स्पेशालिस्ट' असं प्रमाणपत्र मिळू लागलं. 2000 मध्ये स्पोर्ट्स फिजिओंचा आंतरराष्ट्रीय महासंघही झाला. कागदोपत्री इतिहास एवढाच.

पण संघटना काढल्याने शाखा होत नाही. माझ्या मते ही शाखा खरी उभी राहिली ती गुडघ्यावर, नेमकं सांगायचं तर एसीएल या लिगामेंटच्या (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) ऑपरेशननंतरच्या रिहॅबवर, म्हणजे पाय पुन्हा कामाला लावण्याच्या उपचारांवर. आधी ऑपरेशन झालं की पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये किंवा ब्रेसमध्ये जखडून ठेवायचे. लिगामेंट जपलं जायचं, पण गुडघा आखडायचा आणि मांडी वाळून जायची. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे सर्जन डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात एक गमतीची गोष्ट आली: सांगितलेले निर्बंध न पाळणारे, लवकर पाय टेकवणारे आणि सरळ करणारे पेशंट उलट जास्त चांगले होत होते! शेलबोर्न आणि त्यांचे सहकारी पॉल निट्झ यांनी 1990 मध्ये या 'वेगवान' रिहॅबवर शोधनिबंध लिहिला. गुडघा पहिल्यापासून पूर्ण सरळ करणं, झेपेल तसा पायावर भार टाकणं या आज नेहमीच्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा धाडसाच्या होत्या.

मग पुढचा पेच आला. पाय लवकर सुटला, पण खेळायला सोडायचं कधी? दुखणं थांबलं, चालता-जिना चढता येऊ लागलं की बऱ्याच पेशंटचं काम भागतं. खेळाडूची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

एका पायावरच्या उडीची चाचणी घ्या. चांगल्या पायावर जेवढं अंतर जातं त्याच्या निदान 90 टक्के ऑपरेशनच्या पायावर जायला हवं, असा रूढ निकष आहे. खेळाडू ते अंतर गाठतो, खूश होतो. मी मात्र टेपपेक्षा तो खाली कसा येतो ते बघते. गुडघा वाकायला कचरतो, धड पुढे झुकतं, धक्का सगळा कमरेवर जातो. अंतर जुळलेलं असतं, पण गुडघा अजून काम टाळत असतो. मग मांडीची ताकद मशीनवर मोजली की चोरी पकडली जाते.

आणि घाई महागात पडते. 2016 मध्ये आलेल्या डेलावेअर-ओस्लो या अमेरिकी-नॉर्वेजियन संशोधक गटाच्या अभ्यासात, ऑपरेशननंतर 9 महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं लांबवलेल्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी दिसलं. हा आकडा पालकांना आणि कोचना सांगितला की ते गप्प होतात, निदान त्या दिवसापुरते. कारण स्पर्धा तोंडावर असते, खेळाडू स्वतः 'मी ठीक आहे' म्हणत असतो आणि नको म्हणायचं काम फिजिओवर येतं. ते शिकवणारा तास मी कुठल्याच अभ्यासक्रमात पाहिला नाही.

शिवाय मैदानावरचं काम वेगळंच. डोक्याला मार लागला, मानेची शंका आली, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं हे यायलाच हवं. म्हणून अमेरिकेतल्या त्या 'स्पोर्ट्स स्पेशालिस्ट' प्रमाणपत्रासाठी खेळाडूंबरोबरच्या कामाच्या अनुभवासोबत तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षणही मागतात.

तुम्हाला स्वतःसाठी कोणी शोधायचा असेल, तर पाटी सोडा आणि थेट विचारा: 'मला खेळायला सोडण्याआधी तुम्ही काय काय मोजणार?' उत्तरात ताकद, उडी, दिशा बदलून धावणं, तुमच्या खेळाच्या खास हालचाली आणि मनातली भीती यांचा विषय निघाला, तर माणूस या कामातला आहे. नुसतं 'दुखायचं थांबलं की खेळा' असं म्हणाला, तर दुसरीकडे चौकशी करा.