सायन्स फिक्शन वाचायला सुरुवात करायचीये, कुठले लेखक आणि पुस्तकं घेऊ?

सगळे पहिल्यांदा असिमॉवचं फाउंडेशन सांगतील, पण माझं ऐकशील तर ते जरा नंतर घे, त्यात माणसं नुसती बोलत बसतात. त्याच्या रोबोटच्या गोष्टी आधी वाच, आय रोबोट, १९५० चं पुस्तक आहे पण रोबोटांनी पाळायचे तीन नियम आणि त्यातून होणारे घोळ वाचायला आजही जाम मजा येते.

मग क्लार्कचं राँदेव्हू विथ रामा. सूर्यमालेत एक अवाढव्य पोकळ सिलिंडर येतो, माणसं आत शिरून बघतात, बास एवढंच, ना व्हिलन ना लढाई, तरी पुस्तक खाली ठेववत नाही आणि शेवटी तो सिलिंडर कोणी बनवला हे सांगतच नाही, काही लोक यावर वैतागतात, मला तेच भारी वाटलं.

लांबलचक कादंबरीचा कंटाळा असेल तर टेड चियांग. लिहितो फार कमी, पण अरायव्हल सिनेमा ज्या कथेवरून आला ती त्याचीच, आणि कथा सिनेमापेक्षा सरस आहे (माझं मत हां). ल ग्विनचं लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस सुरुवातीला स्लो आहे, पन्नासेक पानं दम धर.

मराठीत नारळीकर आहेतच, यक्षांची देणगी हा कथासंग्रह आधी, मग वामन परत न आला, त्यातला हुशार रोबोट आत्ताच्या एआयच्या गोंधळात वाचायला अजूनच मजा येईल.

थ्री बॉडी प्रॉब्लेम ही चिनी कादंबरी एवढ्यात नको, फिजिक्स आवडत असेल तरच.